खिडकीतला दगडी क्रूस

गाएताँ,

'प्रिय' लिहिलं नाही, ते विसरून नव्हे.

बाबा वरच्या खोलीत वारले. तू आलास तेव्हा शवपेटी चर्चमध्ये पोचली होती, म्हणून त्यांना खाली कसं आणलं ते तुला ठाऊक नाही. आपला गोल दगडी जिना पाचशे वर्षांपूर्वी जिवंत माणसांसाठीच बांधला. पेटी त्यात वळत नाही. या गल्लीतली माणसं मेल्यावर खिडकीतून उतरतात. त्यासाठीच पणजोबांनी खिडकीचे चार भाग करणारा दगडी क्रूस फोडला होता. तू "मूळ रूप, मूळ रूप" करत तो पुन्हा बसवलास, दारावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी ठोकलीस आणि पॅरिसला पळालास.

पेटीवाला फर्मँ खिडकीकडे बघतच राहिला. "हा कुणाचा शहाणपणा?"

"माझ्या भावाचा."

"मग त्यालाच बोलवा उतरवायला!"

शेवटी बाबांना खुर्चीला बांधून जिन्यातून आणलं. वळणावर त्यांचं डोकं भिंतीला आपटू नये म्हणून मी मध्ये हात धरला. बोटं अजून सोललेली आहेत.

म्हातारपणी इथेच राहायला येणार म्हणतोस ना? म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. खुशाल ये. वरचीच खोली तुला ठेवली आहे, खिडकीतल्या क्रुसासकट.

तुझी नाइलाजाने बहीण,
ओदील