डबीतली दुसरी चिठ्ठी

नाना, तुमच्या माघारी धारचं घर रिकामं करताना मागच्या आठवड्यात तुमची शिट्टी ठेवायची पत्र्याची डबी सापडली. शिट्टीखाली चौकोनी घडी घातलेली एक चिठ्ठी होती. उघडली, तर तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात ‘धार’. मला हसूच आलं. म्हटलं, हीच ती! मग नजर भिंतीवर गेली. तिथे तुमच्या फुटबॉल टीमचा फोटो आणि त्याच काचेखाली, मी उचललेली चिठ्ठी. तिच्यावरही ‘धार’. मी खालीच बसले.

मी दुसरीत होते. देवासच्या मैदानावर देवासशीच फायनल. जादा वेळ खेळूनही बरोबरी आणि उजेड संपत आलेला. अशा वेळी तेव्हा दोन्ही गावांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकत, जिचं नाव निघेल ती टीम जिंकली. देवासचे मास्तर तुम्हाला म्हणतात, “मास्साब, आप ही लिख दो, आपके अक्षर अच्छे हैं.” तुम्ही लिहिता, तांब्यात टाकता आणि मला पुढे करता. मी डोळे मिटून एक उचलते. आपली पोरं नाचायला लागतात. उरलेली चिठ्ठी कुणी मागितलीच नाही, कारण हरलेल्याची चिठ्ठी उघडायची नाही, त्यात त्याचा अपमान होतो, ही आपल्याकडची रीत. तुम्ही ती खिशात घातलीत. मला वाटलं, केवढं मोठं मन आमच्या नानांचं!

तुम्हाला याची गरज काय होती हो? आदल्या दिवशी बसने देवासला जाऊन तुम्ही ते मैदान पायांनी मोजलं होतं, उतार कुठे, खड्डा कुठे, सगळं. पोरांचे मोजे स्वतः धुतले होते. “अर्धं काम तयारीचं, अर्धं त्या वरच्याचं. त्याच्या अर्ध्यात नाक खुपसायचं नाही,” हे तुमचंच वाक्य. गल्लीत खेळताना मी गोलाचा दगड पायाने जरासा सरकवला, तर तुम्ही आठ दिवस माझं खेळणं बंद केलंत. मी रडून रडून आजारी पडले, तरी विरघळला नाहीत. आणि तुम्हीच? अजून विश्वास बसत नाही. तीन रात्री अक्षर ताडून पाहिलं. तुमचंच आहे.

त्या दिवशी हरलेल्या टीमचा कॅप्टन पुढे तुमचा जावई झाला. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पोहे खाता खाता विचारलं होतं, “चिठ्ठीवाली तूच ना? हमको तो इसीने हराया, भिया!” सगळे हसले, तुम्हीही हसलात. त्या पराभवानंतर ह्यांनी वर्षभर बॉलला पाय लावला नव्हता. पुढे भोपाळला राज्याच्या स्पर्धेला आपली पोरं गेली, त्यातल्या दोघांना खेळावर नोकऱ्या लागल्या. हे गेले कारखान्यात, पाळीवर. पण कधी कडवटपणा नाही. आता इथे देवासला कॉलनीतल्या मुलींना शिकवतात, अगदी तुमच्यासारखं मैदान मोजून. आणि मॅचआधी बॉलला पहिला हात माझा लागायला हवा. “मॅनेजमेंट मैं कर लूँगा, नशीब तुझ्या हातात आहे,” म्हणतात.

काल त्यांनी विचारलं, “डबीत काय निघालं गं?”

“शिट्टी,” मी म्हणाले.

तुमची अब्रू राखायला गप्प बसले, असं लिहिणार होते. ते खरं नाही, नाना. तुमच्यावर मी इतकी संतापले आहे की तुमची अब्रू गेली तरी चालेल. पण माझा हात शुभ आहे, असं मानणारं जगात एकच माणूस आहे, आणि त्याच्यासमोर तो हात साधा करायचं धाडस माझ्याच्याने होत नाही.