करुणासाठी क्रांती चौकापर्यंत

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. पहाटं मुकुंदवाडीहून कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी चालत गेले. नवरात्रभर रोज जाणार. सून मंजुषा म्हणाली, "आई, गुडघे?" म्हणलं, माझे हायेत, तुझे नाय.
खरं कारण सांगितलं नाय. शेजारच्या सर्जेरावांची सून करुणा. लेकराचं अंगावरचं दूध नुकतंच तोडलेलं. पावसाळ्यात छातीतली गाठ दाखवायला आली. मी म्हणलं, "दुधाची गाठ हाय. आंबेहळद लाव, जिरंल. डॉक्टरपुढं कशाला उघडी होतीस?" तिनं ऐकलं.
कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणले, उशीर झाला. झाला नाय. मी केला.

२४ सप्टेंबर
समोरच्या आवडाबाईनं रस्त्यात धरलं — "कुणासाठी चालता?" तोंडून निघालं, करुणासाठी. झालं! सगळ्या गल्लीला कळलं.

२६ सप्टेंबर
दहा-बारा बायका सोबत. सर्जेरावही. "देवीचं आमच्यात नसतं बाई. पण पोरीसाठी क्रांती चौकापर्यंत येतो." मग तेच ठरलं — चौकापर्यंत सगळे, पुढं ज्याची त्याची वाट. आवडाबाईनं तेलाचा डबा भोक पाडून आणला, करुणाच्या औषधासाठी. दुकानदार पैसे टाकतेत.
मंजुषा डावा हात अंगाशी धरून चालत होती. म्हणलं, हे काय नखरे, मिरवायला आलीस का?

२८ सप्टेंबर, रविवार
आज लई माणसं. कुठल्या कुठल्या गल्लीतली. "आजीनं सुरू केलं," म्हणून माझ्या गळ्यात हार. झेंडू टोचत होता, काढायची सोय नाय.
संध्याकाळी करुणाकडं गेले. डोक्यावरचे केस गेलेत. माझे पाय बघून म्हणाली, "आजी, फोड आलेत. थांबा, हळद लावते."
पाय ओढून घेतले. बोलायचं होतं ते राहिलंच.

२९ सप्टेंबर
चालले. बोलले नाय.

३० सप्टेंबर
चौकात हार काढून डब्यावर ठेवला. सगळ्यांपुढं सांगितलं — हळद लावायला मीच सांगितलं होतं. अंगात गाठ असंल तिनं माझ्यासारखीला विचारू नका, दवाखान्यात जा.
आवडाबाई खाली बघत राहिली. सर्जेरावांनी माझ्याकडं बघितलंच नाय. डबा उचलला, चालू लागले. मी मागं.

१ ऑक्टोबर
चौकाच्या अलीकडं मंजुषानं पदर धरला. "आई, मलाबी हाय. काखेत. उन्हाळ्यापासून. तुम्ही नखरे म्हणाल म्हणून..."
देवी राहिली. रिक्षा थांबवली, तिला घेऊन घाटी दवाखान्याकडं निघाले.