नाव न घेता सांगितलेलं

माय, आज तुझ्या चुलीजवळ लॅपटॉप घेऊन बसले आहे. चूल आता थंडच असते, स्वयंपाक गॅसवर होतो, पण बाभुळगावला आले की मला इथंच लिहायला सुचतं. दुपारचं ऊन छपराच्या कवेलूंमधून खाली येतं, त्यात धूळ तरंगते, डोळा लागतो, आणि मग कळत नाही की मी इथं आहे की तिकडे, त्या सीमेवरच्या खोऱ्यात. तू विचारायचीस, "पोरी, तू नेमकं शिकून काय राह्यली?" मी सांगायचे, दोन देश भांडतात तेव्हा मधल्या गावांचं काय होतं, ते. "भांडणं पाहाले इतक्या दूर कायले जा लागते वं?" म्हणायचीस आणि स्वतःच हसत बसायचीस.

तिकडे एक म्हातारी आहे. तिच्याही चुलीपाशी असंच ऊन उतरतं. तिचा मुलगा सरकारदरबारी बेपत्ता आहे. मी तिच्याकडे किती दिवस नुसती अक्रोड सोलत बसायचे, आणि एकदा चहा ओतता ओतता, मोडक्या हिंदीत, तिनं मला तो कुठं आहे ते सांगितलं. सीमेपलीकडे कोणाच्या घरी, निरोप कसा येतो, सगळं. लिहायलाही हो म्हणाली. मन मोकळं करताना माणूस कशालाही हो म्हणतो. सीमा बंद झाली तरी नाती बंद होत नाहीत, हा माझा सगळा प्रबंध तिच्या त्या बोलण्यावर उभा होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, नाव बदला, गावाचं नाव गाळा, झालं.

आणि मला तू आठवलीस. तुझ्या पोटात गोष्ट राहत नव्हती, माय, खोटं कशाला बोलू? अजून डोळ्यांसमोर आहे: शेजारची काकू इथंच बसली आहे, अंबाडीची भाजी निवडते आहे, आणि रडत सांगते आहे की जावयानं पोरीला टाकलं. संध्याकाळी तू नळावर: "नाव नाई घेत मी कोनाचं, पन आपल्याच गल्लीत, त्या निंबाजवळच्या घरी..." गल्लीत निंब एकच. काकू पुन्हा या घराची पायरी चढली नाही. मी बोलले तर मलाच दटावलंस, "म्या नाव घेतलं काय?" मग तव्यावरची भाकर करपेपर्यंत दाराकडे बघत राहिलीस.

त्या खोऱ्यातही असं घर एकच आहे. नाव बदलून काय होतं? काकूच्या पोरीला गल्लीची बोलणी खावी लागली. या पोराला गोळी लागेल.

म्हणून आज प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकलं, रेकॉर्डिंगही पुसलं. सर फोनवर चिडले, म्हणाले, मग उरलं काय? खरंच फार नाही उरलं. पदवी लांबेल, कदाचित हुकेलही. इतक्या वर्षांची मेहनत, माय. मी रडले इथंच बसून.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकणार? तू जाऊनही काही वर्षं झाली. तरी बघ, त्या म्हातारीचा पोरगा कोणाच्या घरी आहे ते मी वर लिहिलेलं नाही. एकदा लिहायला घेतलं होतं. सगळ्या जगात फक्त तुलाच सांगावंसं वाटत होतं. मग हात थांबला. राग नको मानू, माय, पण तुझा मला अजूनही भरवसा वाटत नाही.