लाल रुमालातलं कफन

अब्बा,

आज दुकानावर एका बाईनं रंगवलेलं लुगडं उलटंपालटं करून विचारलं, "भाऊ, रंग सुटनार तं नाही ना?" तुम्ही असता तर मिशीवर हात फिरवून छातीठोक सांगितलं असतं. मी म्हणालो, दोन धुण्यांत कळेल. बाई निघून गेली आणि माझा सगळा राग पुन्हा तुमच्यावर आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो विटत नाही.

आपण दोघं हजला निघालो तेव्हा तुम्ही कफनाचं पांढरं कापड सोबत घेतलं होतं. ते मक्केतल्या जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाशीमला आणायचं आणि वेळ आली की त्यातच मातीत जायचं, एवढी एकच तुमची इच्छा. पण ते बांधलंत कशात, तर आपल्याच रंगाच्या हंड्यातून काढलेल्या लाल रुमालात. मक्केपर्यंत आपला रंग जाऊ दे, म्हणालात. बोटीवर ते गाठोडं उशाशी असायचं.

मग तांबड्या समुद्रातलं ते बेट, जिथं हाजींच्या बोटी तपासणीसाठी अडवायचे. बोटीवर साथीचं पिवळं निशाण चढतं आणि आम्हाला होड्यांतून खाली उतरवतात. कोणी रोग घेऊन पुढे जाऊ नये म्हणून डॉक्टर डोळे, जीभ, काखा तपासतो. मग हातात एकेक लुंगी देऊन नहाणीत धाडतात. अंगावरचे कपडे, गाठोडी, सगळं वाफेच्या भट्टीत टाकायचं असतं. तुम्ही गाठोडं पोटाशी धरून उभे आहात.

"हे मुर्द्याचं कापड हाय, साहेब. याले कायचा रोग होनार?"

शिपाई उन्हानं वैतागलेला. "सब जाएगा, बडे मियाँ."

मी तुमच्या कानाशी लागलो. "अब्बा, जाऊ द्या. पन तो लाल रुमाल तरी काढून घ्या."

"काहून?"

"भाप हाय ते. रंग सुटन."

"कोनाचा? माह्या हातचा?" तुम्ही असं बघितलंत की मी मागे सरलो. मग सगळ्यांसमोर गाठ आणखी आवळलीत आणि गाठोडं शिपायाच्या हाती दिलंत. आपल्या धंद्यात कापड उकळतं, दगडावर आपटलं जातं, उन्हात तापतं. कोंडलेल्या वाफेत ते कधी जात नाही. एवढं तुम्हाला कळू नये, याचा मला आजही संताप येतो. त्या भट्टीवाल्यांचा तर येतोच. जिवंत माणसं तपासा की, मेल्यानंतरच्या कपड्याला काय तपासता?

गाठोडं परत आलं तेव्हा कफनावर गुलाबी डागच डाग होते. तुम्ही खाऱ्या पाण्यात ते घासत बसलात, बोटं सोलवटेपर्यंत. रुमालात न टिकलेला रंग कफनातून हलायला तयार नव्हता. शेवटी माझ्याकडे बघून म्हणालात, "पाह्य. पक्का हाय." आणि हसलात. मला रडू येत होतं, आणि तुम्ही हसलात. पुढे जमजमच्या पाण्यातही डाग तसेच राहिले. घरी आल्यावर मी नवं कापड घेऊ म्हणालो, तर एकच बोललात, "मले यातच नेजो."

तुम्ही गेलात त्या दिवशी भाऊबंद लठ्ठ्याचं नवं पांढरंशुभ्र कापड घेऊन दारात हजर. "रंगाऱ्याले डागाच्या कपड्यात नेता? लोक काय म्हनतीन?" मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पांढरं बरं, पण हेही पाक आहे, शुद्ध आहे, चालतं. मी लठ्ठा परत पाठवला. कबरस्तानापर्यंत एकजणही माझ्याशी बोलला नाही, आणि मागून चाललेली कुजबुज मला एकट्याला ऐकावी लागली. तुमच्या हट्टापायी मी आणखी किती ऐकायचं होतं, अब्बा?

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी करून गल्ल्यात ठेवतो. फक्त एक गोष्ट आजवर कोणापाशी बोललो नाही. कबरीत उतरून मी कफनाची तुमच्या डोक्याकडची गाठ सोडली, तेव्हा एक डाग नेमका तुमच्या गालापाशी आला होता. रंग चांगला दिसत होता, अब्बा.