पडद्याची बायांकडली बाजू

रवि. १४ जुलै १९५७, मंगरूळ

मास्तरच्या चित्रमंडळाचा आज पहिला खेळ झाला. साता समुद्रापारची चित्रं दाखवणार म्हणे, पंधरा दिवसांतून एक रविवार. जागा माझी. कापसाचं गोदाम दसऱ्यापर्यंत रिकामंच राह्यते. खिडकी एक नाई, भर दुपारी दोन वाजता अंधार. बाजूच्या सरकी काढायच्या जिनातून तार ओढून करंट घेतला. भाडं काय घ्यान, म्हणे. मी म्हटलं, आतापर्यंत उंदीर राह्यत होते, त्यायनं काय देल्लं?

हा मास्तर गेल्या साली हायस्कुलात आला. बिनलग्नाचा, नाकात बोलते, पण बोलते.

पडदा गोदामाच्या मधात टांगला. पुढं माणसं, मागं बाया. कोणी सांगतलं नाई, आपोआपच तसे बसले. कापड पातळ आहे, मागूनबी चित्र दिसते. चित्र रशियाचं. बोलणं तिकडलं, खाली अक्षरं इंग्रजी. मंग मास्तर पडद्यापाशी उभा राहून गोष्ट सांगे. तिकडं, माणसांले. आमच्या वाट्याले नुसती मशीनीची घरघर.

मधात एका घरी सारे रस्सा खायले बसतात. पोरं, बाप, म्हातारी, सारे डाव्या हातानं. शकुराबी उठून उभी राह्यली. माझ्या शेजारची, बांगड्या भरते, तिचं तोंड कोण धरते. "यमुनाबाई, कोणते लोक बोलावले घरात? हात पाहा त्यायचा." ती निघाली तशा साऱ्याच निघाल्या. मी बसली. घर माझं, जाऊ कुठं.

सोम. १५ जुलै

मास्तर (आता नुसतं मा. लिहीन, बोटं दुखतात) सकाळीच आला, तोंड उतरलेलं. बाया काहून गेल्या? सांगतलं. तो हसला नाई. मले गोदामात नेलं, तेच रीळ लावलं, अन पडद्याच्या पुढं उभं केलं. उजव्या हातानं खाऊन राह्यले होते बिचारे. मागून उलटं दिसते. जन्मभर लुगडी नेसली, सुलटी-उलटी बाजू ओळखता येते, अन हे नाई समजलं.

शकुराबीले सांगाले गेली. म्हणे, मंग आमाले पुढून दाखवा. मी म्हटलं, बसशील का माणसांत? ती बांगड्या मोजत बसली.

शनि. २७ जुलै

सोमवार ते शुक्रवार तोंडाले कुलूप. काल कोंबडीले शिवी देल्ली, तेवढंच बोलणं झालं.

आज मा.नं चित्र लावून पाह्यलं. एस.टी.नं रिळाचे डबे येतात, कुठं तुटलं असलं तर आदल्या दिवशी जोडा लागते. मले म्हणे, "आजी, तुमी पाहून ठेवा अन उद्या मागं बसून बायांले सांगा." मी म्हटलं, बाप्पा, मले नातीनं शिकवलं तेवढंच येते, दुसरं पुस्तक. तर म्हणे, इथं अक्षराचं काम नाई, डोळ्याचं आहे.

डोळे आहेत.

रवि. २८ जुलै

जपानचं चित्र. कोळ्याची बायको जाळं विणते, नवरा समुद्रावर गेला तो येत नाई. मा. पुढं सांगे, तिचं प्रेम, तिची वाट पाहणं. आता वाट पाह्याले काय लागते. मी मागं सांगतलं का नवऱ्याची चिठ्ठी आली, पण सासूनं ती तांदळाच्या मडक्यात लपवली. त्या बुढीची नजर पाहा, म्हटलं. बायांनी पाह्यली. "हाव वं, तिनंच," शकुराबी म्हणे, अन तिच्या दोन्ही सुना शेजारी बसल्या आहेत याचंबी तिले भान राह्यलं नाई. त्या सुना लुगड्यात तोंड घालून हसल्या.

मा. मंग रागावला. "आजी, त्यात सासू नाईच. ती तिची मोठी बहीण होती."

मी म्हटलं, मोठी बहीण असं पाहत नाई.

रवि. ११ ऑगस्ट

मागं जागा पुरली नाई. शकुराबीनं आपली चटई आणली. आसेगावाहून माहेरी आलेल्या दोघी आल्या. पुढले तीन-चार माणसं सरकत सरकत पडद्याच्या कडंले येऊन बसले, कान इकडं. मा.नं पाह्यलं, अन तसाच गोष्ट सांगत राह्यला.

चित्र इटलीचं. एक दर्जी अन त्याच्या तीन पोरी. तिघीयचं लग्न मी लावून देल्लं. चित्रात एकीचंच होते.

घसा बसला. बरेच दिवस वापरला नव्हता.

मंगळ. २० ऑगस्ट

दत्ताचं कार्ड, नागपूरहून. एकुलता एक लेक, कचेरीत आहे. लिहितो का गोदाम एका सेठले पाच सालं भाड्यानं द्यायचं ठरवलं, दसऱ्यापासून. माझ्या सहीशिवाय होत नाई, तर गणपतीत कागद घेऊन येतो. मंग तू इकडंच राहायले ये. खाली मंदीचं अक्षर: आजी ये.

मंदीनंच मले लिहायले शिकवलं. अक्षर तिचं आता माझ्यापेक्षा वाईट झालं. घाईत लिहिते.

मागच्या साली महिनाभर राहून आली तिथं. दोन खोल्या. सून भली, चहा हातात देते. बोलायचं काही असलं तर बोलते. पोट्टी शाळेत. दुपारी मी भिंतीकडं पाहत बसे, भिंत माझ्याकडं. इथंबी भिंतच आहे, पण इथली माझ्या ओळखीची आहे.

हे मा.ले सांगतलं नाई. गोदाम गेलं तर पडदा कुठं टांगल?

सोम. २६ ऑगस्ट

काल पोळा. खेळ पुढल्या रविवारावर ढकलला. पुरणपोळ्या दोन केल्या. एक शेजारच्या बैलाले चारली, एक मी खाल्ली. बैलानं आधी संपवली.

शनि. ३१ ऑगस्ट

दत्ता आला. आल्या आल्या छपराचे कवेलू सारखे केले, मोरीचा दगड बसवला. बाप असाच होता, सांगायचं काही असलं का आधी काम काढे. जेवल्यावर कागद काढला. वाचून दाखवला. ठीक आहे कागद. सेठबी ठीक असल.

म्हणे, "माय, तू इथं एकटी मेली तर चार दिवस कोणाले समजणार नाई."

मी म्हटलं, रविवारी समजल.

तो हसला नाई. मी हसवायले म्हटलंबी नव्हतं.

दुपारी मा.नं हाक मारली. पोलंडचं चित्र. पाच डबे पाहिजेत, चौथ्यापर्यंत बरोबर. पाचव्यात भलत्याच चित्राचं रीळ निघालं, कोणी नाचून राह्यलं. मा. डोकं धरून बसला. उद्या चारच लावू म्हणे, लोकं येतील तर परत कसे पाठवा.

रवि. १ सप्टेंबर

दत्ता पुढं बसला, माणसांत.

चित्र असं. बरफाचा मुलूख. रेल्वेच्या फाटकावर एक माणूस. गाडी बंद झाली, रूळ गंजले, पण हा वेळ झाली का फाटक पाडते. रस्त्यावरचे गाडीवाले थांबतात, शिव्या देतात, तो घड्याळ पाहते अन मंग उघडते. शेवटी शहरातून हुकूम येते: तुले खोली देल्ली, इकडं ये. तो सामान बांधते. कंदील पुसते. दार ओढून घेते. फाटकापाशी येते, वेळ झालेली असते. अन तिथं चौथा डबा संपते. पडदा पांढरा.

मा. पुढं बोलला का शेवटचं रीळ आलं नाई, पंधरा दिवसांनी दाखवू. माणसं उठले, धोतरं झटकत गेले. बाया उठल्या नाई.

"गेला का राह्यला, ते सांगा," शकुराबी म्हणे.

मी म्हटलं, मी पाह्यलं नाई. जे पाह्यलं नाई ते कसं सांगू.

"इतके दिवस काय पाहूनच सांगत होत्या?"

साऱ्या हसल्या. तिच्या सुनाबी. मी पडद्याखालून पाहत होती. तिकडं साऱ्यांचे पाय निघून गेले होते. दत्ताचे बूट तिथंच होते, टोकं इकडं.

शेवट मी सांगतला नाई. बाया एक-एक करून गेल्या. शकुराबी चटई गुंडाळत म्हणे, तब्येत बरी नाई का?

सोम. २ सप्टेंबर

सकाळच्या बसनं दत्ता गेला. रात्री सहीचं काढलं नाई त्यानं. कागद फडताळात ठेवला, दौतीखाली. दसऱ्याच्या आधी टपालानं पाठव म्हणे.

बसच्या खिडकीतून इचारलं, "माय, तो फाटकवाला पुढं काय करत असल?"

मी म्हटलं, तुले काय वाटते?

"जाईल. तिथं राहून करंल काय?"

बस निघाली. हात हलवायचा राह्यला.

बुध. ११ सप्टेंबर

पाचवा डबा आला. मा. दाखवायले घेऊन आला, जसं बाळंतिणीचं पोर. शनिवारी लावू म्हणे. मंग त्याले कागदाचं सांगतलं. डबा मांडीवर घेऊन बसला. मंग म्हणे, नागपुरात अशी मंडळं मोठमोठी आहेत आजी, तुमाले पाहायले मिळल.

मी म्हटलं, तिथं बायांले कोण सांगते?

म्हणे, तिथं कोणी सांगत नाई. सारे चुप बसून पाहतात.

शनि. १४ सप्टेंबर

दत्ताचं दुसरं कार्ड. सेठ घाई करते. मंदीनं या वेळी काही लिहिलं नाई, परीक्षा असल.

मा. दोनदा बोलवून गेला. आजी, रीळ लावलं, या. म्हटलं, तुमी पाहा, मी उद्या पाहीन साऱ्यांसंग. म्हणे मंग बायांले सांगाल कसं? म्हटलं, उद्याचं उद्या.

कागद काढला. पुसला. टाक बुडवला. सहीत आधी माझं नाव येते, मंग दत्ताच्या बापाचं, मंग आडनाव. 'यमुना' लिहिलं, चांगलं आलं, नातीपेक्षा चांगलं. मंग म्हटलं, आधी आजचं वहीत लिहून घ्यावं, म्हणून हे लिहून राह्यली.

गोदामात मशीन सुरू झाली. मा. एकटाच आहे आत. पाचवा डबा लागला, म्हणजे आता तो माणूस फाटकापाशी उभा असल.

टाक अजून ओला आहे.