जाड भुवयांच्या आरोपीविषयी

मी, प्रतापसिंह तुळजोजी गाडेराव, वय एकोणऐंशी, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, एका तमिळ दैनिकाचा माजी चित्रकार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात थरथरतो, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. आमच्या तंजावरी मराठीत असे कागद लिहायची सवय कोणाला उरलेली नाही, म्हणून भाषा पुण्याहून आलेल्या भाचसुनेने, निधीने, नीट करून दिली.

१. राहते घर मुलगी महालक्ष्मी हिला. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. हरकत घ्यायला मी नसेनच.

२. बेचाळीस वर्षांपूर्वी एका मंत्र्यांच्या हत्येचा खटला या शहरात गाजला. कोर्टात कॅमेऱ्याला बंदी, म्हणून दैनिकाने मला पेन्सिल देऊन तिथे बसवले. नऊ आरोपींची एकशेबारा रेखाचित्रे मी काढली. घरी ट्रंकेत आहेत ती सर्व महालक्ष्मीने एखाद्या ग्रंथालयास द्यावीत. कोपऱ्यावरचा रद्दीवाला ट्रंकेवर डोळा ठेवून आहे, त्याला दारात उभे करू नये.

३. आरोपी क्रमांक तीनचे चित्र मेहुणे उदयसिंह यांनी न विचारता नेले व पणजोबांचे म्हणून दिवाणखान्यात टांगले. मिशा भारदस्त आहेत खऱ्या. दर अमावास्येला घरचे त्याला हार घालतात. ते चित्र त्यांनाच राहू द्यावे. मात्र हे कलम त्यांच्या सुनांसमोर मोठ्याने वाचावे.

४. आरोपी क्रमांक पाच, राजगोपाल, शिंपी. मारेकऱ्याचा सदरा त्याने शिवला होता, एवढाच त्याचा संबंध. मी त्याला होता तसा काढला. संपादक म्हणाले, "हा खुनी वाटतच नाही. भुवया जाड करा." मी केल्या. चित्र माझ्या नावासह पहिल्या पानावर छापले.

पुढे तो निर्दोष सुटला, पण गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. दुकान मोडले. हे मला अकरा वर्षांनी कळले, टी. नगरमध्ये सदरा शिवायला गेलो तेव्हा. दुसऱ्याच्या दुकानात काम करणाऱ्या शिंप्याने माझे माप घेतले, नाव लिहून घेतले आणि विचारले, "सार, माझ्या भुवया खरंच एवढ्या जाड आहेत का?"

मी तिथेच स्टुलावर बसून त्याचे दुसरे चित्र काढले. संपादकांनी ते छापले नाही. "सुटलेल्या माणसाची बातमी होत नाही," म्हणाले. मी राजीनामा दिला. बायको चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, "बरं केलंत."

ते दुसरे चित्र राजगोपालला द्यायचे ठरवले होते. आज तो साक्षीदार म्हणून सही करायला आला, तेव्हा वकील कृष्णवेणी यांनी अडवले. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणाल्या. दोन्हींपैकी एक निवडावे लागेल.

राजगोपालने चित्र बराच वेळ पाहिले आणि मला परत दिले.

"चित्र राहू दे, सार. सही करतो. असल्या कागदावर माझं नाव आजवर आरोपी म्हणूनच आलंय. एकदा साक्षीदार म्हणून येऊ दे."

सबब ते चित्रही महालक्ष्मीकडे जावे.

लिहून देणार : प्रतापसिंह तुळजोजी गाडेराव
ठिकाण : चेन्नई
दिनांक : १२ जानेवारी २०२५

आमच्यासमक्ष सही केली :
साक्षीदार १ : कृष्णवेणी, वकील, अड्यार
साक्षीदार २ : राजगोपाल, शिंपी, टी. नगर