तिसऱ्या पिंपाला वळणारी घोडी

हसनाबाद, पौष शु. ३, शके १८५८

आज परत तेच! पहिलं पिंप बराबर, दुसरं बराबर — तिसऱ्याला डावीकडं वळायचं तर हरणी सरळ पिंपावर! मी धुळीत, पिंप आडवं, घोडी लांब थरथरत उभी. सडकेच्या कामावरची रिकामी पिंपं कडूबानंच आणून दिल्ती. आता तोच माझा भाऊ म्हणतो, "विकून टाक. नाठाळ हाये." दादा ओट्यावरून ओरडले, "बापाचं ऐक. चाबूक दाव!"

दावला. दोनदा.

पौष शु. ९

घाई करायची न्हाई. आठ दिवस पिंपांभवती नुसतं चालवणार, लगाम सैल. टेंभुर्णीच्या जत्रेतल्या शर्यतीला तीन महिने हायेत. तीन पिंपांना वळसे घालून आधी परत येईल तो जिंकला. तीन वर्षांचं लेकरू हाये ते. शिकंल.

पौष व. २

काय लिहू!

बायको नंदा सकाळी हरणीला चंदी घालायला गेल्ती. पळतच आली. "अहो, हिला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई!" मी हसलो. तिनं हाताला धरून नेलं. डाव्या डोळ्यापुढं पदर झटकला — पापणी हलली न्हाई. उजव्यापुढं झटकला — मान झटकन वर!

अन् मी चाबूक मारला तो डाव्याच अंगानं. येणारा फटका तिला दिसतसुद्धा नव्हता!

जेवलो न्हाई.

पौष व. ५

घोड्यांचा वैद, सलोत्री, डोळा बघून गेला. औषध न्हाई. "कान मात्र तेज हायेत," म्हणाला.

माघ शु. ७

बायको तिसऱ्या पिंपापाशी उभी राहते अन् "ये गं, ये" म्हणते. हरणी त्या अंगाला कान करते अन् वळते! एकेक पाऊल. मी "ये गं" म्हटलं की कान पाडते. पाडणारच. मारलं मीच होतं.

फाल्गुन शु. ५

आज दुडक्या चालीनं तिन्ही पिंपं! एकाला धक्का न्हाई! बायको लांब बांधावर होती. हरणी माझ्याच आवाजावर वळली. उतरलो अन् तिच्या मानेला मिठी मारली. कडूबा बघून राह्यला होता — बघू दे.

टेंभुर्णी, चैत्र शु. १५

गाडी जुंपायच्या आधी लिहून टाकतो.

पहिलं पिंप झालं. दुसरं झालं, बाकीचे लांब मागं. तिसऱ्यापाशी ताशे कडाडले अन् हरणी जागेवर थिजली. माझा आवाज मलाच ऐकू येईना. लोक हसायला लागले. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून कुणीतरी पळत आलं — डोक्यावरचा पदर पडलेला, थेट मैदानात, पिंपाला हात लावून उभं! माझी बायको! एवढ्या पुरुषांसमोर!

"ये गं हरणे! इकडं ये!"

ताशेवाल्यांचे हात थांबले. घोडी वळली — अशी वळली की माझा पाय पिंपाला घासला अन् पिंप हललं न्हाई! सगळ्यांच्या आधी आलो.

पंचांनी बाद केलं. माणूस मैदानात शिरलं म्हणून. दादा बैलगाडीत जाऊन बसले.

हसनाबाद, चैत्र व. १

कडूबा म्हणाला, "गावभर झालं. घरची बाई घोड्यामागं पळाली म्हणतेत." बायको चुलीपुढून म्हणाली, "लोक हरणीला हसत होते. मला ऱ्हावलं न्हाई." दादा ताट सरकवून उठले.

मी तिच्या बाजूनं एक शब्द बोललो न्हाई. एकसुद्धा न्हाई!

चैत्र व. ४

दादा तिच्या हातचं पाणीसुद्धा मागत न्हाईत.

चैत्र व. ९

सकाळी खळ्यात गेलो. हरणीवर खोगीर चढवलेलं, अन् दादा रिकिबीचा पट्टा आखूड करत बसलेले! म्हटलं, "दादा, माझ्या पायाला आखूड पडंल."

त्यांनी मान वर केली न्हाई. "तुझ्यासाठी न्हाई. नंदाबाईला बोलव."